खूण न ठेवणारी बंदूक

१

साहेब पाचव्या चौथऱ्यावर उताणे पडलेले सापडले, तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते आणि धुकं अजून उठलं नव्हतं. छातीत जवळून मारलेला बार. पायाशी त्यांचीच दुनळी. डोकं मागच्या लोखंडी कठड्याला टेकलेलं, आणि कठड्यापलीकडे जुनी दगडाची खाण, तळाशी काळं पाणी.

हे साहेबांच्या मालकीचं मैदान थाळ्या फोडायचं. जमिनीत अर्ध्या गाडलेल्या खोलीत एक माणूस बसतो. वर चौथऱ्यावर उभ्या असलेल्या नेमबाजाने 'सोड' म्हटलं की तो दांडा ओढतो, मातीची थाळी आभाळात सुटते आणि नेमबाज ती छऱ्यांनी फोडतो. ज्या पुरुषांना घरात एक कपबशी फोडली तरी बोलणी खावी लागतात, ते इथे येऊन पोटभर फोडाफोडी करतात, असं आत्याबाई म्हणायच्या.

आत्याबाईंना फौजदाराने मुद्दाम बोलावून घेतलं. पंचक्रोशीतल्या झाडून साऱ्या बंदुकांचे लाकडी दस्ते त्यांच्या घरात घडलेले. शाळेचं तोंड त्यांनी दोन वर्षं पाहिलं, तेही रडत. पण माणूस दारातून आत आला की त्याच्या हाताची लांबी, मानेची उंची, गालाची जाडी त्या चहा गाळता गाळता सांगत. शेजारी धाकटा मुलगा उभा होता. नवरा गेल्यापासून रंधा तोच चालवायचा.

फौजदाराच्या टेबलावर गोणपाटात गुंडाळलेली बंदूक होती. टोकाला नळीची नक्षी तेवढी बाहेर डोकावत होती.

"साहेबांचीच. आमच्याच घरची," आत्याबाई म्हणाल्या.

"उघडून दाखवतो ना."

"काही नको. आईला पोर ओळखायला दुपटं सोडावं लागत नाही."

फौजदार हसला. त्याला तशी घाईच होती. "मग एवढं सांगा, ही कुणी चालवली असेल?"

इथे आत्याबाई खुलल्या. चार माणसं कान देऊन ऐकताहेत म्हटल्यावर त्या नेहमीच खुलत. "साहेब उंच, हात हे एवढे लांब. त्यांच्या मापाचा दस्ता दुसऱ्या कुणाच्या खांद्याच्या खळग्यात बसायचा नाही. खळग्यात नीट बसलेली बंदूक धक्का सगळ्या अंगात वाटून टाकते, कळतही नाही. नाही बसली तर एकाच जागी लाथ घालते. आमच्या घरची बंदूक परक्याने चालवली की त्याच्या अंगावर सही करते. सदरे काढायला लावा, सापडेल तुमचा माणूस."

फौजदाराला ते पटलं. मैदानावर त्या वेळी जे पुरुष होते त्यांना ओळीत उभं केलं. थाळ्या सोडणारा बुटका थाळीवाला. त्याचे खांदे कोरे. साहेबांचा उंचापुरा पुतण्या, गळ्याला रुमाल गुंडाळून होता, त्याचेही कोरे.

"बायका?" कुणीतरी म्हणालं.

"बायका कुठे बंदुका चालवतात," फौजदार म्हणाला. उभ्या जन्मात बंदुकांखेरीज काही न केलेल्या आत्याबाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

मग फौजदाराची नजर धाकट्याकडे वळली. "आता राहिलात तुम्हीच. उगाच कुणी बोट दाखवायला नको."

धाकटा हलला नाही. त्याने आईकडे पाहिलंही नाही. शेवटी हवालदारानेच त्याची बटणं सोडली.

उजव्या खांद्यावर, गळ्याच्या हाडाशी, बशीच्या काठासारखा काळानिळा डाग होता.

२

चौकीच्या मागच्या खोलीत एक बाकडं आणि एक उंच खिडकी. धाकटा बाकड्यावर बसला होता, हात मांड्यांखाली घालून. लहानपणी काही लपवायचं असलं की तो असाच बसायचा.

"सदरा काढ," आत्याबाई म्हणाल्या.

"आई, झालं ते पुरे नाही का."

"काढ म्हटलं ना."

त्यांनी डाग खिडकीच्या उजेडात धरला, बोटाने चाचपला. धाकट्याने दात आवळले. डागाचा मधला भाग जांभळा होता, कडा पिवळट हिरव्या पडल्या होत्या. पिकून सडायला आलेल्या फळासारख्या. शिवाय तो खांद्याच्या बाहेरच्या अंगाला नव्हता. आत होता, गळ्याच्या हाडाला लागून.

"हा आजचा नाही."

"मी तेच सांगितलं त्यांना. घडवलेला दस्ता चालवून बघितला, तेव्हाचा आहे."

"कुठल्या बंदुकीचा?"

धाकट्याने सदरा पुन्हा खांद्यावर ओढून घेतला.

"आपल्या घरात सध्या कुणाचं काम नाही. मग कुणाचा दस्ता घडवलास रे? आणि मला न विचारता?"

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ते सांगितलं तर शब्द राहिला कुठे."

आत्याबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण हे नाक त्यांचंच होतं, जसंच्या तसं लेकराच्या तोंडावर बसवलेलं. दुसऱ्या कुणावर रागवायची सोय नव्हती.

बाहेर फौजदार कागदांवर सह्या करत होता. "आत्याबाई, सकाळी तुम्हीच म्हणालात, खूण असेल तो. आता खूण निघाली तर म्हणता रंग चुकला, जागा चुकली. उद्या माप चुकलं म्हणाल."

"पिवळा डाग सकाळचा नसतो. कुठल्याही पोरं वाढवलेल्या बाईला विचारा."

"आणि भांडण? गेल्या आठवड्यात साहेब तुमच्या कारखान्यात येऊन ओरडून गेले. 'कुणाला बोललास तर गाठ माझ्याशी आहे.' शेजारच्या लोहाराने ऐकलंय. तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"बाजारात."

"झालं तर मग. उद्या दुपारच्या गाडीने त्याला जिल्ह्याला पाठवतोय. तिथे तुम्हीच साक्षीदार. तुमच्याच तोंडाने तुम्ही त्याला पकडून दिलंय, हे विसरू नका."

त्या विसरणार नव्हत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा पायरीवरून पाय जरा घसरला. हवालदाराने हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

३

थाळीवाला आपल्या त्या अर्ध्या गाडलेल्या खोलीतच सापडला. वर ऊन पडलं होतं, पण तो बाहेर येईना. आत ओलसर मातीचा वास, भिंतीला थाळ्यांच्या चळती, मधे यंत्राचा दांडा, आणि समोर फक्त एक आडवी फट. तिच्यातून आभाळाची पट्टी तेवढी दिसे.

"बाहेर ये."

"नको, आत्याबाई. मला इथेच बरं वाटतं."

आत्याबाई कुरकुरत, गुडघे धरत चार पायऱ्या उतरल्या. "माझ्या पोराला उद्या नेताहेत. तू इथे होतास. काय ऐकलंस ते सांग. फौजदाराला नाही सांगितलंस ते सांग."

थाळीवाल्याने कानावर हात ठेवले नाहीत, तेवढाच तो शहाणा. बराच वेळ थाळीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिला.

"तीन दिवस साहेब उजाडताच यायचे. मला म्हणायचे, खाली जाऊन बस, मी सांगेपर्यंत डोकं वर काढायचं नाही. मग वर त्यांचं बोलणं ऐकू यायचं. 'खांद्याला लाव. गाल टेकव. मागे रेलू नको. पुन्हा.' असंच, तासभर. बार नाही, काही नाही."

"कुणाशी बोलायचे?"

"तेच ना. समोरून उत्तर यायचंच नाही. एक शब्द नाही. धुक्यात साहेब एकटेच बोलत होते."

आत्याबाईंच्या हातावर काटा आला. त्यांनी शाल ओढून घेतली आणि यंत्राच्या थंड लोखंडाला दोष दिला.

"आणि आज?"

"आज आवाज आला. बारीक. मुलीचा." थाळीवाल्याने मान खाली घातली. "'सोड' म्हणाली. बारा वर्षांनी, आत्याबाई, तोच आवाज. माझा हात आपोआप दांड्यावर गेला. थाळी सुटली. बार झाला, आणि थाळी फुटल्याचं मी ऐकलं. त्या धुक्यात, पहिल्या बाराला."

"मग?"

"मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग दुसरा बार."

"दुसऱ्या थाळीवर."

"दुसरी मी सोडलीच नव्हती."

वर कुठेतरी कठड्याची एक सैल पट्टी वाऱ्याने वाजत होती. तो कठडा साहेबांनी बारा वर्षांपूर्वी बसवला. त्याच्या आदल्या आठवड्यात पाचव्या चौथऱ्यावरून त्यांची एकुलती एक मुलगी मागच्या मागे खाणीत गेली होती. चौदा वर्षांची. वडिलांची बंदूक हातात होती.

"तिला कुणीतरी खालून बोलावतं म्हणे, असं लोक म्हणायचे," थाळीवाला पुटपुटला. "आज तिने साहेबांना बोलावलं."

"मेलेल्या पोरी काडतुसं भरत नाहीत," आत्याबाई म्हणाल्या. पण पायऱ्या चढताना त्या एकदा मागे वळून पाहायला चुकल्या नाहीत.

४

पुतण्या मोठ्या घराच्या ओसरीवर आरामखुर्चीत पसरला होता. दोन महिन्यांपूर्वी शहरातून आलेला, मैदान आपलंच होणार या खात्रीने. रुमाल आता गळ्यावरून वर सरकला होता, थेट नाकावर.

"सर्दी झाली वाटतं," आत्याबाई म्हणाल्या.

"धुकं बाधलं."

"रुमाल काढ बघू."

"आत्याबाई, तुम्ही काय वैद्य आहात?"

"मी तुझ्या आजोबांचं माप घेतलंय, काकाचं घेतलंय. माझ्यापुढे लाजायचं तुला काही कारण नाही. काढ."

त्याने काढला. नाक सुजून बटाट्याएवढं झालं होतं, शेंड्यावर हिरवट छटा.

"दार लागलं," पुतण्या म्हणाला.

"दार मधोमध नाही लागत, कपाळाला लागतं. तुझ्या नाकावर तुझ्याच अंगठ्याचं हाड बसलंय." आत्याबाईंनी स्वतःचा उजवा हात बंदूक धरल्यासारखा तोंडापुढे आणला. "दस्ता आखूड असला की हात तोंडाशी येतो. बार सुटला की बंदूक मागे येते, आणि हात येतो नाकावर. कुठली बंदूक चालवलीस?"

पुतण्याच्या चेहऱ्यावरची ऐट गेली. "चार दिवसांपूर्वी. दुपारी. काका झोपले होते. त्यांची दुनळी काढली, एकच बार टाकला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. काका बाहेर आले आणि असे बोलले की पुन्हा हात लावला नाही. सकाळी तुम्ही खुणा शोधायला लागलात, म्हणून रुमाल बांधला. मला काय माहीत, खुणांत नाक धरतात की नाही."

"साहेबांचीच दुनळी? नीट आठव."

"नळीवर नक्षी असलेली. दुसरी कुठे आहे?"

आत्याबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या. पुतण्या साहेबांएवढाच उंच. साहेबांच्या बंदुकीने त्याला अलगद जवळ घ्यायला हवं होतं. तिने त्याचं नाक फोडलं. आणि धाकट्याचा डाग आत, गळ्याच्या हाडाशी. लांब दस्ता तिथे कधीच लागत नाही, आखूडच लागतो.

पोर ओळखायला दुपटं सोडावं लागत नाही म्हणे. सकाळचं आपलंच वाक्य त्यांना कुणीतरी तोंडावर फेकून मारल्यासारखं लागलं. आत दुसरंच पोर निघालं तर?

"तुझी काकू कुठे आहे?" त्यांनी उठता उठता विचारलं.

"माडीवर. सकाळपासून खिडकीशी बसून आहे. रडत नाही, बोलत नाही. तशी ती बारा वर्षं कुठे बोलते म्हणा."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकी उघडताच आत्याबाई दारात हजर होत्या. फौजदाराने हात टेकले. "बघा. पण माझ्यासमोर."

गोणपाट सुटलं. नळ्या त्याच होत्या. दस्ता तोच होता, नवऱ्याने अक्रोडाच्या एका खोडातून काढलेला; ती तपकिरी शीर त्यांच्या ओळखीची होती. पण मागचा भाग दोन बोटं कापून पुन्हा गोल केला होता. गाल टेकतो ती कड तासून उतरवली होती. बाक बदलला होता. काम सुबक होतं. कानशीच्या शेवटच्या फटक्याला जरा डावीकडे सोडायची खोड धाकट्याचीच. वर्षानुवर्षं बोलूनही ती गेली नव्हती.

त्यांनी जवळची दोरी काढली. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत धरली आणि गाठ मारली. मग गालाच्या उतरणीची दुसरी गाठ, बाकाची तिसरी. फौजदार बघत राहिला.

"हे काय?"

"माझं लिहिणं."

"कळलं काही?"

"एवढंच कळलं, की माझ्या मुलाने ही कापली आणि कापल्यावर चालवून बघितली. त्याच्या हाताला ती आखूड, म्हणून डाग. आणि जिच्या मापाची ती आता आहे, तिच्या अंगावर डाग नसणार."

"जिच्या?"

आत्याबाईंनी दोरी कमरेला खोचली. तो शब्द त्यांच्या तोंडून आपोआप निघाला होता. एवढा आखूड दस्ता पुरुषासाठी कुणी मागत नाही.

"दुपारची गाडी दीडला आहे," फौजदार म्हणाला. पण या वेळी जरा हळू.

घरी कारखान्याच्या आतल्या भिंतीवर साठ-सत्तर दोऱ्या खिळ्यांना लटकत होत्या. एकेक दोरी म्हणजे एकेक माणूस. अक्षर येत नव्हतं तेव्हापासून आत्याबाई माणसं अशीच मांडून ठेवत आल्या होत्या. गेलेल्यांच्या दोऱ्या त्या काढत नसत. भिंतीच्या डाव्या टोकाला सरकवत. दार उघडलं की वाऱ्याने सगळ्या एकदम हलायच्या, आणि नवीन सुना पहिल्या वर्षी त्या खोलीत एकट्या जायच्या नाहीत.

त्यांनी नवी दोरी हातात धरली आणि उजव्या टोकापासून सुरुवात केली. जिवंत माणसं आधी. एक लावून बघितली, सोडली. दुसरी. दहावी. तिसावी. कुणाचा हात लांब, कुणाची मान उंच. जिवंत संपली. आत्याबाई थांबल्या. मग डावीकडे गेल्या.

शेवटून तिसऱ्या खिळ्यावरची दोरी मळून काळी पडली होती. पण मधेच ती बोटभर उजळ दिसत होती. हल्लीच कुणीतरी ती काढून हाताळली होती. त्यांनी दोन्ही दोऱ्या शेजारी धरल्या. पहिली गाठ गाठीवर आली. दुसरी आली. तिसरीही.

ही त्या मुलीची दोरी होती.

खोलीत वारा नव्हता, तरी आपल्या पाठीमागे काहीतरी हलतंय असं त्यांना वाटत राहिलं. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच हे माप घेतलं होतं, खाणीत पडायच्या वीसेक दिवस आधी. साहेबांना त्यांनी सांगितलं होतं: तुमची बंदूक पोरीला दोन बोटं लांब आहे, ती मागे रेलून धरते, धक्क्याने कोलमडेल, दस्ता कापायला द्या. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बंदुकीची लांबी बायकांनी मला शिकवू नये. बंदूक लाथ मारणारच. पोरीने खांदा घट्ट करावा."

ती बंदूक बारा वर्षांनी दोन बोटं कापली गेली होती. मेलेल्या पोरीसाठी.

त्या स्टुलावर बसल्या. बसल्याच राहिल्या. बुद्धी ताळ्यावर यायला वेळ लागला, पण आली. मेलेल्याला खांदा नसतो. खांदा असलेलं कोण? माप घेतलं तो दिवस त्यांनी आठवून पाहिला. मुलगी एका जागी उभी राहत नव्हती. आईला ओढून आणलं, पाठीला पाठ लावली आणि म्हणाली, "आत्याबाई, बघा बरं, मी आईएवढी झाले का?"

झाली होती. हात, मान, सगळं. आवाजसुद्धा. फोनवर दोघींत कुणालाच फरक कळायचा नाही.

६

बाईसाहेब खिडकीशी बसल्या होत्या. लहानखुऱ्या, केस घट्ट बांधलेले, हात मांडीवर. माडीच्या खिडकीतून पाचवा चौथरा समोर दिसत होता.

आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. "हात पुढे करा."

बाईसाहेबांनी उजवा हात कोपरात वाकवून पुढे केला. आत्याबाईंनी कोपराच्या आतल्या घडीपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत दोरी धरली. गाठ बोटाच्या पेरावर आली.

"बसा," बाईसाहेब म्हणाल्या. "कालच याल असं वाटलं होतं मला."

"थाळीवाल्याला वाटलं, ती आली."

"मला आवाज काढायचा नव्हता. तीन दिवस ते नुसतं शिकवत होते, मी गप्प धरून उभी राहायची. काल म्हणाले, आज दोन्ही नळ्यांत काडतुसं भरतो, तू 'सोड' म्हण." त्या आपल्या तळहाताकडे बघत होत्या. "त्यांनीच ती कापून आणली होती. तुमच्यासमोर यायची लाज वाटत होती, म्हणून तुमच्या मुलाकडे गेले, त्याला दटावून आले. मला म्हणाले, तिच्या मापाची करून घेतली आहे, एकदा तू चालव. त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. बारा वर्षं मी त्यांच्याशी नीट बोलले नव्हते. मी ठरवलं, चालवू. एवढं म्हणतात तर मिटवू."

"तुमच्या मनात तसं काही नव्हतं?"

"काही नव्हतं. भीती मात्र होती. ते बारा वर्षं सांगत आले होते, बंदूक लाथ मारणारच, पोर नाजूक होती, तिने खांदा सैल सोडला, कुणाचा दोष नाही. मीही तेच धरून जगले. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. चाप ओढला."

आत्याबाईंनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं काय झालं असेल. चाळीस वर्षं त्या तेच तर घडवत आल्या होत्या.

"काही लागलंच नाही हो," बाईसाहेब म्हणाल्या. "कुणी पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवावा ना, तेवढंच. मी वाट बघत उभी. म्हटलं आता दुखेल, मग दुखेल. थाळी फुटली होती. ते मागे कठड्याशी उभे होते, म्हणाले, 'बघ, किती सोपं.' मी वळले."

खाली ओसरीवर पुतण्या शिंकला. माडीवर दोघी हलल्या नाहीत.

"दोन बोटं लाकूड," बाईसाहेब म्हणाल्या. "एवढंच कापायचं होतं."

आत्याबाईंनी दोरी मुठीत गुंडाळली. "माझ्या मुलाला दीडच्या गाडीने नेणार आहेत."

"माहीत आहे. काल संध्याकाळी हवालदार येऊन सांगून गेला. मी तेव्हाच निघणार होते. चप्पलसुद्धा घातली." त्यांनी पहिल्यांदा आत्याबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "मग वाटलं, नको. एक दिवस तुम्हालाही बसू दे, लेकराशिवाय."

आत्याबाईंना राग यायला हवा होता. त्या शोधत राहिल्या, पण आतून काही वर आलंच नाही.

बाईसाहेब उठल्या. कपाटातून स्वेटर काढून घातला, खिडकी लावून घेतली, कडी नीट बसली की नाही ते दोनदा पाहिलं. "चला. उगाच गाडी चुकायची."

७

चौकीचा रस्ता उताराचा, दोन्ही बाजूंना दुकानं उघडलेली. लोकांना वाटलं, आत्याबाई बिचाऱ्या बाईसाहेबांना चौकीत सही करायला घेऊन निघाल्या आहेत. एकदोघांनी नमस्कार केला. दोघींनी तो घेतला. न्हाव्याने गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच साबणात ठेवून दारात येत मान लववली.

पाण्याच्या टाकीपाशी बाईसाहेब दम घ्यायला थांबल्या.

"एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही माप घेतलं होतं. तुम्हाला दिसलं होतं, बंदूक लांब आहे, ती मागे रेलते. तुम्ही यांना सांगितलंत, तेही मला माहीत आहे. मी तिथेच होते. मधे वीस दिवस गेले. ती रोज मैदानावर यायची, तुमच्या दारावरून जायची. तुम्ही दुसऱ्यांदा का नाही सांगितलंत?"

आत्याबाईंकडे उत्तरं पुष्कळ होती. साहेब ऐकणारे नव्हते. बंदूक त्यांची, पोर त्यांची. गरिबाने मोठ्यांच्या घरात किती बोलावं. बारा वर्षं ही उत्तरं त्यांनी तेल लावून, पुसून, हाताशी ठेवली होती. त्यांतलं एकही त्यांना उचलता येईना.

"मला राग आला होता," त्या म्हणाल्या. "चारचौघांत बोलले ते मला. म्हटलं, आता पाय धरायला आले तरी सांगणार नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

बाईसाहेबांनी मान हलवली, किती वाजले विचारावं आणि कुणी सांगावं, तशी. मग त्या पुढे चालू लागल्या. चौकीच्या पायऱ्या त्या एकट्याच चढल्या. आत्याबाई बाहेरच्या बाकावर टेकल्या.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फौजदार काहीतरी म्हणाला. मग बराच वेळ फक्त एक बारीक आवाज, न थांबता, शांतपणे बोलत राहिला. सव्वाला धाकटा बाहेर आला, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली. तो आईसमोर उभा राहिला.

"आई, मी काही बोललो नाही. तूच शोधलंस?"

"हं."

"कोण आहे आत?"

आत्याबाईंनी त्याची बटणं सोडून नीट लावायला घेतली. शेवटचं बटण काही केल्या काजात जाईना.